दाखल्यात चूक आहे? आधी रजिस्टर उघडायला लावा

नर्सरीच्या प्रवेशाला आलेल्या आईबापांच्या हातातला तो प्लॅस्टिकचा फोल्डर बघा. सगळ्यात वर जन्मदाखला असतो. गेल्या दोन-तीन वर्षांत या कागदाचं वजन चांगलंच वाढलंय. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा २०२३ मध्ये सुधारला गेला आणि सुधारणा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार यांपैकी कशासाठीही जन्मतारीख आणि जन्मस्थळ दाखवायचं, तर जन्मदाखलाच दाखवावा लागतो. आपल्या पिढीने शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि रेशन कार्डावर जे निभावून नेलं, ते या मुलांना जमणार नाही. दाखल्यात एखादी वेलांटी चुकली, तर ती त्यांच्यासोबत निवृत्तीपर्यंत चालणार.

म्हणून "दाखल्यात चूक आहे, काय करू?" हा प्रश्न हल्ली प्रत्येक नात्यागोत्याच्या ग्रुपवर असतो. उत्तरंही लगेच येतात. शपथपत्र करून टाक. गॅझेट कर. आधी आधार बदल, मग बाकीचं आपोआप बदलतं. यातली बरीचशी उत्तरं कामाला चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात.

वही वाण्याकडे, चिठ्ठी तुमच्याकडे

गावातल्या वाण्याची उधारीची वही आठवा. सामान घेतलं की तो वहीत लिहितो आणि तुम्हाला एक चिठ्ठी देतो. चिठ्ठीवर आकडा चुकला म्हणून तुम्ही घरी बसून तो खोडलात, तर उधारी कमी होते का? महिनाअखेरीला वाणी वहीच उघडणार.

जन्मदाखला ही अशी चिठ्ठी आहे. वही म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर. ते ज्याच्या ताब्यात असतं त्याला निबंधक म्हणतात. गावात हे काम ग्रामसेवक करतात (त्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय), शहरात नगरपालिका किंवा महापालिकेचा आरोग्य विभाग बघतो. दाखल्यावरची चूक खोडायची नसते, लॅमिनेशन करून झाकायची तर मुळीच नसते. रजिस्टरातली नोंद सुधारायची आणि तिच्यावरून नवा दाखला घ्यायचा.

इथेच आपल्याकडची एक गंमत आड येते. नोंद होते ती घटना जिथे घडली तिथे, तुम्ही राहता तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत, त्यामुळे घर पुण्यात आणि मुलाची नोंद बार्शीत, असं हजारो घरांत आहे. पुण्याच्या क्षेत्रीय कार्यालयात कितीही खेटे घाला, बार्शीचं रजिस्टर तिथे नसतं. दाखल्यावर नोंदणीचं ठिकाण आणि नोंदणी क्रमांक छापलेला असतो. चप्पल घालण्याआधी तेवढं वाचा.

चूक झाली होती, की नंतर काही बदललं?

सगळा गुंता या एका प्रश्नापाशी सुटतो किंवा अडकतो. रजिस्टर सांगतं ते एवढंच: त्या दिवशी, त्या ठिकाणी काय घडलं. त्या दिवशीचं सत्य एक होतं आणि लिहिलं गेलं दुसरं, तर ती चूक. लिहिलं गेलं ते बरोबरच होतं, पण पुढे आयुष्यात काही बदललं, तर तो बदल. चूक दुरुस्त होते. बदलाची वाट वेगळी.

मुलगा झाला तेव्हा नाव 'गणेश' ठेवलं आणि पंचविसाव्या वर्षी त्याला 'आर्यन' व्हावंसं वाटलं, हा बदल आहे. त्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात, म्हणजे लोक ज्याला गॅझेट म्हणतात त्यात, नावबदल प्रसिद्ध करता येतो आणि पुढचे कागद त्यावर बनतात. पण राजपत्रात छापून आलं म्हणून जन्माच्या दिवशी 'गणेश' लिहिणाऱ्याने चूक केली होती, असं सिद्ध होत नाही. त्यामुळे वेलांटीच्या चुकीसाठी गॅझेट करायला सांगणारे एजंट तुमचे पैसे भलत्याच खिडकीवर भरायला लावतात. गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, तिथली पद्धत निराळी.

काही बदल मात्र कायद्यानेच नोंदीपर्यंत पोचवलेत. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा ओळख-प्रमाणपत्राच्या आधारे जन्मदाखल्यातही बदल करण्याचा हक्क देतो. दत्तकाचंही तसंच, तिथे दत्तकाचा आदेश लागतो.

आणि काही गोष्टी ना चूक असतात, ना बदल. राज्य सरकारच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने लिहितात. २०१८ मध्ये जन्मलेल्या मुलीच्या दाखल्यात आई मध्ये नाही, म्हणून दुरुस्तीचा अर्ज करायला निघालेले पालक मी पाहिलेत. ती चूक नाही हो, तेव्हाची रीत होती.

'नंदा' आणि 'सुनंदा'

माझ्या चुलतबहिणीची गोष्ट सांगतो. नंदाताई. कागदोपत्री सुनंदा. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, म्हणजे तिच्या माहेरी, २००९ मध्ये तिला मुलगी झाली. मुलगी पंधरा वर्षांची झाल्यावर पासपोर्टसाठी दाखला काढला, तर आईचं नाव 'नंदा'. बाकी सगळीकडे सुनंदा. घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की कॉम्प्युटरवर टाइप करणाऱ्याने 'सु' खाल्ला.

आम्ही दोघं गेलो. खिडकीवरच्या बाईंनी नोंदणी क्रमांक विचारला आणि आतून जाड पुठ्ठ्याची बांधणी घेऊन आल्या. पहिल्यांदा कळलं ते हे, की हल्लीच्या पद्धतीत रजिस्टर म्हणजे कारकुनाने सुवाच्य अक्षरात उतरवलेली वही नसते. बाळ झाल्यावर दवाखान्यात जो फॉर्म भरतात, त्याचे दोन भाग असतात, एक कायदेशीर आणि एक आकडेवारीसाठीचा. त्यातला कायदेशीर भागच एकत्र बांधतात आणि तेच रजिस्टर होतं. बाईंनी पान उघडलं. निळ्या शाईत, थोडं उजवीकडे कललेलं काकांचं अक्षर. आईचं नाव: नंदा. खाली माहिती देणाऱ्याची सही, तीही काकांचीच. पहिली नात झाल्याच्या आनंदात माणसाने लेकीला ज्या नावाने तीस वर्षं हाक मारली, तेच लिहून दिलं होतं. काकांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ताई पानाकडे बघतच राहिली. मागच्या माणसाने "मॅडम, जरा लवकर" म्हटलं तेव्हा भानावर आली.

टाइप करणारा निर्दोष निघाला. आणि त्यामुळे आमचा अर्जही बदलला.

चुकीचेही दोन प्रकार

नियम दोन तऱ्हेच्या चुका मानतात. पहिली लेखनातली चूक. फॉर्मवर 'सुनंदा' होतं आणि कॉम्प्युटरवर 'नंदा' झालं, किंवा २१ चे १२ झाले, 'शिंदे'चं इंग्रजी स्पेलिंग बिघडलं. मूळ फॉर्म आणि दाखला शेजारी ठेवले की चूक डोळ्यांना दिसते. अशी चूक निबंधक स्वतः चौकशी करून सुधारू शकतो, कुणी अर्ज केला नाही आणि त्याच्याच नजरेला पडली तरीसुद्धा.

दुसरी आशयातली चूक. मूळ फॉर्मवरच चुकीचं लिहिलं गेलंय, जसं काकांनी लिहिलं. इथे कागदाशी कागद ताडून काही कळत नाही, कारण मूळ कागदच चुकलाय. म्हणून नियम साक्षीदार मागतो. ज्यांना खरी वस्तुस्थिती माहीत आहे अशा दोन विश्वासार्ह व्यक्तींनी चूक काय आहे आणि खरं काय आहे हे लेखी निवेदनात सांगायचं. आमच्यासाठी शेजारच्या निवृत्त गुरुजींनी एक निवेदन दिलं, बाळंतपणात ताईसोबत दवाखान्यात राहिलेल्या मावशींनी दुसरं. जोडीला ताईचा दहावीचा दाखला, विवाहनोंदणी आणि दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड.

तेव्हा पहिलं काम अर्ज लिहिण्याचं नाही. मूळ नोंद बघायला मागायची. चूक कुठल्या पायरीवर घुसली हे कळल्याशिवाय कुठले कागद लागतील हे कुणी सांगू शकत नाही, मग तो कितीही अनुभवी एजंट असो. ज्या नोंदी जुन्या आहेत, त्या कदाचित निबंधकाच्या कपाटात नसतील. पूर्वी गावोगावच्या जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये होई, विदर्भात त्यालाच कोतवाल बुक म्हणतात, आणि अशी पुस्तकं आज तहसीलच्या अभिलेख कक्षात सापडतात. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा याच पुस्तकांवरची धूळ झटकली गेली. त्यातल्या काही नोंदी मोडीत आहेत आणि तिथे तिसराच घोळ होतो. नोंद बरोबर असते, वाचणारा चुकलेला असतो. तिथे दुरुस्ती रजिस्टरात करायची नसते, चांगला मोडी वाचणारा गाठायचा असतो.

खाडाखोड नाही, समास

दुरुस्ती नेमकी होते कशी, हे कायद्याच्या १५ व्या कलमात सांगितलंय आणि मला ते सगळं कलम आवडतं. मूळ नोंदीला हात लावायचा नाही. शेजारी समासात योग्य नोंद करायची, निबंधकाने त्याखाली सही करायची आणि तारीख टाकायची. नोंद रद्द करायची असली तरी हीच पद्धत. व्हाइटनर नाही, खोडरबर नाही, पान फाडणं नाही.

लोकांना हे विचित्र वाटतं. चूक होती तर ती ठेवायची कशाला? कारण हे रजिस्टर उद्या कोर्टात पुरावा म्हणून उभं राहायचं असतं. वारसाहक्काच्या भांडणात समोरचा वकील विचारणार, नाव कधी बदललं, कुणी बदललं, कशावरून बदललं. समासातली सही आणि तारीख त्याचं उत्तर देते. मूळ अक्षर पुसलेलं असतं, तर पहिला संशय पुसणाऱ्यावर गेला असता.

"शपथपत्र केलंय ना, मग झालं की"

नाही झालं. शपथपत्र म्हणजे तुम्ही तुमच्याबद्दल शपथेवर सांगितलेली गोष्ट. ती पुराव्याला जोड म्हणून चालते, पुराव्याच्या जागी चालत नाही. 'दत्तात्रय, दत्तात्रेय आणि दत्तू ही एकाच इसमाची नावे आहेत' असं शपथपत्र एखाद्या बँकेत वेळ मारून नेईल. रजिस्टरात त्याने काहीच हलत नाही आणि पुढच्या खिडकीवर प्रश्न तसाच उभा राहतो.

"पण आधारवर बरोबर आहे"

असेलही. पण आधारवरची जन्मतारीख आली कुठून? तुम्ही दाखवलेल्या कुठल्यातरी कागदावरून, किंवा तुम्ही तोंडी सांगितली म्हणून. आधार तुमची ओळख पटवतं, तुमचा जन्म कधी झाला याचा तो साक्षीदार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका खटल्यात वय ठरवण्यासाठी आधार धरायला नकार देऊन शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. शिवाय आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलून मिळते. ती संधी चुकीच्या दाखल्यावर उधळली की पुढे फार जड जातं. म्हणून क्रम असा: आधी जन्माची नोंद, मग शाळा, मग आधार, पॅन, पासपोर्ट. पाणी वरून खाली येतं.

१ जूनचे वाढदिवस

महाराष्ट्रात पन्नाशी-साठीच्या किती माणसांचा कागदोपत्री वाढदिवस १ जूनला असतो, हे फेसबुक सुरू झाल्यावर सगळ्यांनाच कळलं. शाळा जूनमध्ये भरायची, बाप मुलाला हाताला धरून आणायचा, जन्मतारीख विचारली की "मोठ्या पुराच्या साली झाला" असं काहीतरी सांगायचा. गुरुजी वयात बसेल असं साल धरून १ जून ठोकून द्यायचे. गुरुजींनी पोरं शाळेत बसवली, त्यांना दोष देववत नाही. पण ती तारीख आता सेवापुस्तकात, पेन्शनमध्ये, सगळीकडे आहे.

ती बदलता येईल का? शाळेच्या नोंदीतल्या उघड चुका शाळा सोडल्यानंतरही सुधारता येतात, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये म्हटलंय. पण जन्मतारखेबाबत सगळेच हात आखडतात आणि उशीर जितका जास्त तितके अधिकच. महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्याने सेवापुस्तकातली तारीख बदलायची मागणी नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत करायची असते. निवृत्ती जवळ आली की आठवलेली खरी तारीख कुणी ऐकून घेत नाही. यात लहानमोठा भेद नाही. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रात १० मे १९५१ होती आणि लष्करात प्रवेशाच्या अर्जावर १० मे १९५०. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली आणि १९५० हेच साल कायम राहिलं.

रकाना कोरा असेल तर

बारसं बाराव्या दिवशी, नाव ठरायला कधी त्याहून उशीर, आणि जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. त्यामुळे असंख्य नोंदींत बाळाच्या नावाचा रकाना रिकामाच आहे. ही चूक नव्हे, अपुरी नोंद आहे आणि तिचं काम सोपं. बारा महिन्यांच्या आत नाव फुकट घालून मिळतं, त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. जुन्या नोंदींसाठी सरकार वेळोवेळी मुदत वाढवत आलंय. एक मात्र ध्यानात ठेवा, एकदा नाव घातलं की रकाना भरला. मग 'आत्याला दुसरं आवडलं' हे कारण चालत नाही.

आणि नोंदच नसेल तर

मग दुरुस्त करायला काही नाहीच. ती उशिराची नोंदणी, आणि एक वर्ष उलटलं असेल तर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ पूर्वी हे काम न्यायालयात होई. २०२५ च्या सुरुवातीला मालेगावसह काही ठिकाणच्या अशा नोंदींवरून वादळ उठलं, सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि मार्चमध्ये महसूल विभागाने नवी, कडक कार्यपद्धती ठरवून दिली. तेव्हापासून खिडकीवर सगळ्यांकडेच जरा संशयाने बघतात, साधी वेलांटी सुधारायला आलेल्याकडेही. हे त्रासाचं आहे. म्हणून अर्जात ठळक लिहा की नोंद आहे, तिचा क्रमांक हा, आणि मागणी फक्त दुरुस्तीची आहे.

मृत्यूच्या नोंदीचं थोडं वेगळं

मृत्यूची नोंद दुःखात होते. फॉर्म बहुधा पुतण्या किंवा शेजारी भरतो आणि त्याला 'अक्कां'चं खरं नाव माहीत नसतं. सातबाऱ्यावर 'इंदूबाई', बँकेत 'इंदिरा', मृत्यूदाखल्यात 'अक्काबाई'. मग तलाठी वारस नोंद लावत नाही. नियम तेच आहेत, दोन साक्षीदारही तेच, फक्त ज्याच्याबद्दल आहे तो माणूस सांगायला नसतो. म्हणून दहाव्याच्या आत कुणीतरी शांत डोक्याच्या माणसाने फॉर्म वाचलेला बरा.

अनेकजण मृत्यूदाखल्यात कारण नाही म्हणून तक्रार करतात. ते नसतंच. कायद्यानेच दाखल्यावर मृत्यूचं कारण उघड करायला मनाई केली आहे. कारण वेगळ्या वैद्यकीय प्रमाणपत्रात असतं. कोविडमध्ये ५०,००० रुपयांच्या सानुग्रह मदतीसाठी हाच मुद्दा पुढे आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या नेमून कोविडमृत्यूचे वेगळे कागद दिले गेले.

"साहेब नाहीच म्हणाले"

तोंडी 'नाही' घेऊन परत येऊ नका. अर्जाची पोच घ्या आणि नकार लेखी मागा. २०२३ च्या सुधारणेने अपिलाची सोय आणलीय: निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे आणि त्यांच्याविरुद्ध मुख्य निबंधकाकडे. अपिलाचा निकाल ९० दिवसांत लागायला हवा. त्यापुढे उच्च न्यायालय आहेच, पण बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही. तुमच्या बाजूने एक गोष्ट सांभाळा: खोटा कागद जोडू नका. नोंद खोटेपणाने करवून घेतलीय असं दिसलं, तर निबंधकाला ती रद्द करण्याची कार्यवाही सुरू करता येते, आणि मग वेलांटीपायी अख्खी नोंद जायची.

आमचं काम दोन फेऱ्यांत झालं. दुसऱ्या वेळी बाईंनी तीच बांधणी आणली, समासात 'सुनंदा' लिहिलं, साहेबांनी सही केली, तारीख टाकली. नवा दाखला हातात आल्यावर ताईने तो खिडकीवरच अक्षर अन् अक्षर वाचला. मग विचारलं, "ते पान पुन्हा एकदा बघू का?" मूळ ओळीत काकांचं 'नंदा' तसंच होतं.